दाराआड

निफाडला यंदा थंडी अशी आहे की, ऊन वर आल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, असं डॉक्टरांनी मला बजावलंय. माझ्या दम्याची शिक्षा भिंगरीही भोगते. लेकीनं बंगळुरूला जाताना माझ्यापाशी ठेवलेली ही दोन वर्षांची कुत्री सकाळभर दारापासून मोरीपर्यंत नुसती धावत असते. काल तिनं माझी कानटोपी फाडली.

"बाबा, तिच्या नाकाला काम द्या," लेक फोनवर म्हणाली. "भाकरीचे तुकडे लपवा, नाहीतर तुम्हीच लपा."

आज तुकडे गोधडीच्या घडीत ठेवले, चपलेत ठेवले. तिनं ते क्षणात हुडकले आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत बसली. तिच्या अंगात मावत नाही एवढा जोर, आणि मला खुर्चीतून उठायचं जिवावर येतं. नोकरीत होतो तेव्हा दहा मिनिटं जागेवर दिसलो नाही, तर चारजण हाका मारत यायचे. किती वैतागायचो मी!

शेवटी खोलीच्या दाराआड जाऊन उभा राहिलो. छातीची घरघर ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर मफलर धरला. बाहेर नखांची टकटक जवळ आली, आणि थांबली. मग बराच वेळ काहीच नाही. फटीतून पाहिलं, तर भिंगरी माझ्या गोधडीवर अंगाचं मुटकुळं करून गाढ झोपली होती.

खेळ संपलाय, हे मला कळत होतं. तरी तोंडावरचा मफलर न काढता मी तसाच उभा राहिलो.