धाकट्याच्या घरातली वायर

धाकट्या भावाने जुनं घर घ्यायचं ठरवलं आणि इकडे थोरल्या वायरमनच्या पोटात दुखायला लागलं. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांत दिवे लावले, स्वतः मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत. आणि ज्याला साधा फ्यूज बांधता येत नाही, तो कालचा पोरगा पाच खोल्यांचा मालक होणार. तरी "दादा, इसार देण्याआधी वायरिंग बघशील का?" असं विचारल्यावर तो लगेच शिडी घेऊन निघाला. खोट काढायची संधी कोण सोडतो?

घर चांगलं निघालं, हेच त्याला सहन होईना. भिंती कोरड्या, खिडक्या मोठ्या, स्वयंपाकघरात भरपूर ऊन. एकेक बोर्ड उघडताना तो मनात म्हणत होता, काहीतरी सापडू दे. माळ्याजवळ सापडलं. कापडाच्या वेष्टनाची जुनी वायर, आतलं रबर करपलेलं, बोट लावलं की भुगा. त्याला इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली.

"ही वायर एखाद्याचा जीव घेईल," खाली येऊन त्याने तुकडा पुढे धरला.

धाकटा हसला. "दादा, हा पिशवीतला ना?"

एक जळका तुकडा वायरमन कायम पिशवीत बाळगायचा. गिऱ्हाईक का-कू करायला लागलं की तो दाखवून घाबरवायचा, आणि घरी जेवताना ती गंमत रंगवून सांगायचा. सगळ्यांत जास्त हसायचा तो हा धाकटाच.

"शिवाय आल्यापासून तुझा चेहरा बघतोय मी," धाकटा हळूच म्हणाला.

"जळतोयच मी तुझ्यावर. खोटं कशाला बोलू? पण मेन बंद केलाय, तू वर चढ आणि स्वतः हात लाव."

धाकटा चढला. उतरला तेव्हा बोटं काळी आणि तोंड एवढंसं झालेलं.

"बायकोने पडद्यांचं कापडसुद्धा बघून ठेवलंय," तो म्हणाला. "आता तू सांगशील तसं. घेऊ की नको?"

एका 'नको'वर भागणार होतं, आणि कुणी बोटही दाखवलं नसतं. शब्द अगदी ओठांवर आला.

"घे," वायरमन म्हणाला. "घराला काही झालेलं नाही, वायर तेवढी जुनी आहे. पंधरा दिवसांत सगळी बदलून देतो."

धाकट्याने त्याचा हात धरला. तो सोडवून घेत वायरमन टेप काढून खोल्या मोजायला लागला. पाचव्या खोलीत त्याला रडू आलं, आणि ते काही धाकट्याचं भलं झालं म्हणून नव्हतं.