लहान्याने घातलेली कौलं

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तसं असेल तर सायवनजवळच्या आमच्या पाड्याएवढी शहाणी माणसं अख्ख्या डहाणू तालुक्यात सापडायची नाहीत. आम्ही तेवीस जण होतो, आणि नऊ वर्षांत एकानेही साक्ष दिली नाही. त्यात मी, हिरू, पहिल्या नंबरचा शहाणा. कारण ज्या घराच्या छपराबद्दल साक्ष द्यायची होती ते घर माझं.

लहान्या आमच्याच पाड्यातला. अंगाने इतका हलका, की छपरावर चढला तरी खाली कळायचं नाही. घर कुणाचंही असो, कौलं बसवायला वर लहान्याच. ओल्या पायांनी छपरावर जायचा नाही, आणि शेवटचं कौल बसल्याशिवाय जेवायचा नाही. बाकी माणूस चांगला, खोड एकच. साहेबापुढे त्याला नाही म्हणता यायचं नाही. ज्याच्या अंगावर इस्त्रीचे कपडे, त्याला लहान्याचं "होय साहेब" ठरलेलं. एकदा तलाठ्याने विचारलं, "तुझ्याकडे बैल आहेत ना रे?" तर हा म्हणे, "होय साहेब." अरे, दारात कोंबडी धड नव्हती!

आमच्याकडे घर उभारायला मजुरी द्यावी लागत नाही. सगळा पाडा येतो, घरवाल्याने जेवण घालायचं. त्या वैशाखात माझ्या घरावर कौलं चढत होती. आंब्याखाली कौलांचा ढीग, तिथून शिडीपर्यंत माणसांची रांग. कौल हातोहात पुढे सरकायचं. शिडीच्या टोकाला मी, आणि माझ्या हातून घ्यायला वर लहान्या. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत त्याचं एकच चाललं होतं, "आण रे हिरूदादा, झोपलास काय?"

त्याच दिवशी, भर दुपारी, तिकडे समुद्राकडच्या एका चिकूवाडीत मालक आणि त्याची बायको यांचा खून झाला. महिनाभर आधी लहान्या त्या वाडीत चिकू उतरवायला होता. तिसऱ्या दिवशी पोलिस आले आणि त्याला घेऊन गेले. तिथे आधी पोलिसांच्या, मग कोर्टाच्या साहेबांनी विचारलं, "तूच केलंस ना?" आता लहान्या काय म्हणाला ते मी वेगळं सांगायला नको.

आम्ही हसलो. खरंच हसलो. म्हटलं, चार दिवसांत येईल परत, तेवीस माणसांनी त्याला बघितलंय. आणि तिथेच सगळं फसलं. एकाने बघितलं असतं तर तो झक मारत गेला असता. तेवीस जणांनी बघितलं, म्हणून प्रत्येकाला वाटलं, दुसरा सांगेलच की!

लहान्याची बायको सोमी दारोदार फिरली. "दादा, तारीख आहे. फक्त खरं काय ते सांगायचं." एका तारखेला उधव्याचा बाजार होता. एका तारखेला भाताची लावणी. एकदा सुदामच्या मेव्हण्याचं लग्न. सुदाम आमच्या पाड्यातला पुढारी. तो म्हणाला, "सरकार काय आंधळं आहे? चौकशी करूनच आत टाकतं." सुदामचं रेशन कार्ड सरकारने तीनदा हरवलं होतं, पण सरकारवरचा विश्वास काही ढळला नव्हता.

खोटं कशाला बोलू, एकदा आम्ही गेलो होतो. जीप भरून अकरा जण. कोर्टाच्या आवारात कळलं, तारीख पुढे गेली. मग एवढं आलोच आहोत तर, म्हणून डहाणूचा समुद्र बघितला, बर्फाचे गोळे खाल्ले. येताना गाडीत गाणी म्हटली. सोमी पुढच्या सीटवर बसली होती. तिने मागे वळून एकदाही बघितलं नाही.

लहान्याला फाशीची शिक्षा झाली त्या दिवशी बाजारात पेढे वाटले. सुदामच्या मोबाइलवर हात जोडलेली, दिवे लावलेली चित्रं आली, "न्याय झाला" म्हणून. चहाच्या टपरीवर एक इस्त्रीचा शर्टवाला मला म्हणाला, "असल्यांना चौकात टांगायला पाहिजे, काय?" आणि मी म्हणालो, "होय साहेब." वर त्याने दिलेला पेढा खाल्ला. लहान्याला मूर्ख म्हणणारा मीच!

पुढे वरच्या कोर्टांतही तेच झालं. मग भारती नावाची एक वकीलबाई पाड्यात आली. चप्पल तुटलेली, घामाघूम. म्हणाली, दयेचा अर्ज गेलाय, अजून वेळ गेलेली नाही. तेवीस जणांनी लिहून द्या की लहान्या इथे होता, अंगठा केला तरी चालेल. सुदामने कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "अंगठा दिला आणि आपल्यालाच आत घेतलं तर? बघू नंतर." त्याच आठवड्यात वाढवणच्या बंदराविरुद्धच्या मोर्चाला आमचा टेम्पो भरून गेला. बरं केलं, जायलाच पाहिजे होतं. घसा बसेपर्यंत ओरडलो. म्हणजे आवाज होता आम्हाला. गाव करी ते राव न करी म्हणतात. आमच्या गावाने या बाबतीत काहीच न करून दाखवलं.

माझी बायको गंगी मात्र एकदा भडकली. पावसात छप्पर वाजत होतं. वर बघून म्हणाली, "नऊ वर्षांत एक थेंब गळला नाही. ज्याने हे बसवलं त्याच्यासाठी तुझा अंगठा झिजणार होता का?" मी म्हटलं, उद्या जातो वकीलबाईकडे. देवाशप्पथ जाणार होतो.

भातकापणीच्या आधी सोमीला तुरुंगाचं पत्र आलं. फाशी दिली होती. मढंसुद्धा मिळालं नाही.

तिने लहान्याचा दिवस घालायचं ठरवलं. माझ्याकडे आली. "हिरूदादा, माझं आंगण लहान आहे. जेवण तुझ्या आंगणात घालू?" मी नाही कसा म्हणणार? आणि बघा गंमत, त्या दिवशी कुणाचाही बाजार नव्हता, लग्न नव्हतं. तेवीसच्या तेवीस जण वेळेवर हजर!

पानं मांडायच्या आधी सोमी आंब्याखाली जाऊन उभी राहिली. "जेवण तयार आहे," ती म्हणाली. "त्याआधी एवढं करा. कौलं चढवताना जसे उभे होता, तसे उभे राहा."

रांग लागली. आणि आई शप्पथ, कुणाची जागा चुकली नाही. सुदाम घाईत शिडीजवळ उभा राहिला तर चौघे एकदम म्हणाले, "तू तिथे नव्हतास, तू ढिगाजवळ." मी शिडी लावली, टोकाला चढलो.

सोमीने एक कौल उचलून सुदामच्या हातात दिलं. ते हातोहात पुढे आलं, शिडीवर माझ्यापर्यंत आलं. सवयीने मी हात वर केला. घ्यायला कुणी नव्हतं. कौल धरून माझा हात भरून आला, तरी मी तसाच.

"वर कोण होतं, दादा?" सोमीने खालून विचारलं.

"लहान्या," आम्ही तेवीस जण एकदम बोललो.

"दिवसभर?"

"दिवसभर."

तिने मान हलवली. "झालं. चला, जेवायला बसा."

आम्ही हात धुतले आणि बसलो. भात चांगला झाला होता. सुदामने दोनदा मागून घेतला.