एकटीशी बोलायची पाच मिनिटं

धाकटी बहीण गरोदरपणी, सातव्या महिन्यात गेली, त्याला आता वर्ष होईल. नवरा तिला मारत होता, हे ती गेल्यावरच कळलं, असं मी सगळ्यांना सांगते.

शेवगावजवळच्या उपकेंद्रात तपासणीला मी तिच्याबरोबर एकदाच गेले. नवरा होताच. तो तिला कुठेही एकटी सोडत नसे, आणि माहेरी आम्हाला त्याचं कौतुक होतं. नर्सबाईंनी रक्तदाब घ्यायला तिची बाही वर केली, दंडाकडे पाहिलं आणि थांबल्या. मग पट्टा दुसऱ्या हाताला बांधत सहज म्हणाल्या, "भाऊ, आधारची झेरॉक्स लागंल. चौकातून आणता का?"

तो उठलाही. पण मी शाळेतली शिक्षिका, कागद कधी कमी पडू देत नाही. पिशवीतून झेरॉक्स काढून मी टेबलावर ठेवली.

"पासबुकाची पण लागंल."

तीही होती.

तो हसत पुन्हा बसला. "सिस्टर, आमच्या ताईंच्या पिशवीत अख्खी पंचायत समिती हाय. मागाल ते निघंल!"

मीही हसले. नर्सबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, तयारी आवडली.

"मंगळवारी ताईबरोबर ये," त्या बहिणीला म्हणाल्या. "भाऊंनी कामाचा खाडा कशाला करायचा?"

"होऊ द्या खाडा," तो म्हणाला. "बायको आपली हाय."

मंगळवारी त्यानं तिला पाठवलंच नाही. नर्सबाई गावातल्या आशा कार्यकर्तीला घेऊन तिच्या सासरी गेल्या, तर सासू आणि तो तिच्या दोन्ही बाजूंना बसून राहिले. चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. पुढच्या आठवड्यात निरोप आला, जिन्यावरून पडली.

दहाव्यानंतर नर्सबाई आमच्याकडे आल्या. आईजवळ बराच वेळ बसल्या. मग मला म्हणाल्या, "मला तिच्याशी एकटीशी बोलायचं हुतं, ताई. पाच मिनिटं. नवरा बाहेर गेला की बाया बोलतात."

"ती बोलली असती?"

"सांगता येत न्हाई. तुमी पिशवीत बघत हुता, तवा तिनं माझी बोटं घट्ट धरली हुती."

मी पोलिसांत जाऊ म्हटलं.

"मी येते. दंडावरचे वळ पाहिलेत, तसं सांगीन. पण ते विचारतील, ती स्वतः काय म्हणाली? मग काय सांगू, ताई?"