दसऱ्याचा हार आणि काकांची शेवटची रेस

काही बंद पडलं की काका त्यावर दोन टिचक्या मारायचे आणि म्हणायचे, "दमलं असेल, लेका. आपण नाही का दमत?" गाडी असो नाहीतर कारखान्यातलं मशीन. मला दहा वर्षांत मशीनएवढी माया मिळाली नाही, पण मी बंदही कधी पडलो नाही म्हणा.

कॅनडात, विंडसरच्या गाड्यांच्या कारखान्यात आम्ही दोघं एकाच लाइनवर सीटा बसवायचो. आठवडाभर नव्या गाड्या जोडायच्या आणि शनिवारी काकांची जुनी गाडी घेऊन गावाबाहेरच्या मातीच्या ट्रॅकवर जायचं, स्टॉक कार रेसला. काकांचं वय बासष्ट. मी त्यांचा मेकॅनिक. म्हणजे पाना धरायचो, तोही चुकीच्या नंबरचा.

पाच वर्षांत काकांनी एकही रेस पुरी केली नव्हती. कधी टायर गेला, कधी गिअर. एकदा मी पेट्रोलच भरलं नव्हतं. त्या वर्षी डॉक्टरनं सांगितलं, नजर अधू होत चाललीय, हा सीझन शेवटचा. आणि शेवटची रेस आली नेमकी दसऱ्याच्या दिवशी.

काका म्हणाले, "नंबर नको रे मला. एकदा फक्त शेवटपर्यंत जायचंय."

आता तुम्हीच सांगा, दसऱ्याला गाडीची पूजा नको? मी इंडियन ग्रोसरीतून झेंडूचा जाडजूड हार आणला. उडू नये म्हणून पुढच्या जाळीला तारेनं करकचून बांधला. मेकॅनिक ना मी! काकांनी हात जोडले. म्हणाले, "नवरी दिसतेय."

वीस लॅपची रेस. अठरा लॅप काका सगळ्यांच्या मागे, पण चालले होते. एकोणिसाव्याला पुढून वाफ आली आणि गाडी पलीकडच्या वळणावर थांबली.

रेस संपल्यावर टो ट्रकमध्ये बसून मी तिथं गेलो. हार आत ओढला जाऊन रेडिएटरला चिकटला होता. हवाच बंद. ट्रकवाल्या गोऱ्यानं एक शिजलेलं फूल उचललं.

"फ्लावर्स?"

"काका, माझ्यामुळं झालं हो."

"गप. इंजिन जुनं होतं. काकूला हेच सांगायचं, कळलं?"

आता काका एडमंटनला लेकीकडे असतात. शनिवार मी झोपून काढतो, तरी शीण जात नाही. डोळे मिटले की त्या दिवशीचं परत येणं दिसतं.

आमची गाडी मागे अडकवून ट्रकवाला मधल्या मैदानातून सरळ बाहेर निघाला होता. काका गाडीतून ओरडले, "नो शॉर्टकट! गो अराउंड, प्लीज!" त्यानं घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ट्रक परत ट्रॅकवर वळवला.

शेवटच्या रेषेवरचा झेंडेवाला कधीच घरी गेला होता. लोक ट्रेलरवर गाड्या चढवत होते, कुणी वर बघितलं नाही. मी मागच्या काचेतून बघत होतो. गाडीची पुढची चाकं हुकावर, हवेत. आत हेल्मेट घातलेले काका, नजर समोर. वळण आलं की ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग वळवत होते.