बांधावरचा माळा

पासष्टची लढाई नुकतीच थांबली होती. पेणला एक वक्ते युद्धाची मूळ कारणं सांगायला आले होते. साम्राज्यं, बाजारपेठा आणि तेल यांवर ते भरपूर बोलले, आणि शाल मिळाल्यावर पुन्हा थोडं बोलले. त्यांच्या यादीत माणूस कुठे आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी धरमतरच्या खाडीकाठी मामाकडे गेलो. मामाचं वर्षाचं भात बांधाच्या आत लोंब्या धरून उभं होतं आणि बांधापलीकडे खारं पाणी. अमावास्येचं उधाण तोंडावर आलं होतं. खाडीच्या दुसऱ्या तीरावर मामीचं माहेर. उधाणात एका तीराचा बांध फुटला की पाणी तिकडे पसरतं आणि दुसऱ्या तीरावरचा ताण उतरतो, हे दोन्ही गावांना ठाऊक होतं. त्यामुळे समोरच्यांच्या मनात काय आहे, तेही आपल्याला ठाऊक आहे अशी दोघांची खात्री होती. आजवर कुणी कुणाचा बांध कापल्याचं मात्र मला एकालाही सांगता आलं नाही.

पलीकडच्यांनी राखणीसाठी बांधावर माळा उभारला. मग आमच्याकडे त्याहून उंच माळा झाला. त्यांनी कंदील टांगला, आम्ही पेट्रोमॅक्स. आमच्या माळ्याच्या लाकडी मेढी थेट बांधातच खोल ठोकल्या होत्या, कारण तिथून पलीकडचं सगळं दिसायचं.

जेवताना मामाने मामीला विचारलं, "तुजा भाऊ त्या माळ्यावर बसून काय करतो गो?"

"तुमी काय करता?"

"आमी राखण करतो."

"मग तो बी राखणच करत असंल."

मामाला हे उत्तर फारच संशयास्पद वाटलं. त्यानंतर आज राखणीला कोण जाणार, हे तिच्यासमोर बोलणं बंद झालं.

अमावास्येला भर दुपारी आमचा बांध फुटून खांड पडली. पाणी मेढीच्या कडेने पाझरत गेलं, माती सुटली आणि माळा राखणदारासकट शेतात आडवा झाला. आमची माणसं जमेपर्यंत मामीचा भाऊ खांड बुजवायला होडीत टोपल्या, पेंढा आणि पाच-सहा गडी घालून आलाही. त्याला कुणी बांधावर पाय ठेवू देईना.

"इतक्या लवकर कसं कळलं तुमाला?" मामाने विचारलं.

"तुमच्यावरच तर नजर ठेवून होतो," तो सरळ म्हणाला.

होडी परत गेली. आमच्या हातांना खांड आवरली नाही, आणि पुढच्या भरतीने ती आणखी रुंद केली. भात जागेवरच करपलं. लोक हळहळले, पण आपला संशय खरा ठरल्याचं समाधानही त्यांच्या तोंडावर मला दिसलं. मी मेढीचं भोक दाखवलं, तर ती मेढ कुणीतरी हलवली असणार, असं ठरलं. भाऊबिजेला मामीकडे कुणी आलं नाही आणि तीही गेली नाही.

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा त्याच जागी नवा माळा होता. मेढी जास्त जाड आणि जास्त खोल. घरात मामीने पेणच्या बाजारातून आणलेल्या तांदळाचा भात वाढला.

"पाणी त्या मेढीपासूनच शिरलं होतं ना?" मी मामाला विचारलं.

"व्हय."

"मग?"

मामाने घास खाली ठेवला आणि दारातून खाडीकडे बोट केलं.

"त्यांचा माळा अजून उभा हाय."