‘ते’ येतायत

किरण आमच्या ऑफिसात रुजू झाले तेव्हाच म्हणाले होते, "मी पुरुष नाही, बाईही नाही. मला ‘ते’ म्हणा." कुणी म्हणत नसे. आमचं जुळलं, तेव्हा इतरांना कधी सांगायचं हे त्यांनी माझ्यावर सोडलं.

काल मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "किरण कुठंय? येतोय की येतेय?" सगळे हसले.

"ते येतायत," मी म्हणाले.

"अगं, नवऱ्याबद्दल बोलावं तसं बोलतेस!" शेजारची सुनीता म्हणाली.

आई बाबांचं नाव न घेता असंच म्हणायची. किती आदर आणि किती माया मावते या एवढ्याशा शब्दात! दारात किरण येऊन थांबले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"हो," त्यांच्याकडे बघत मी म्हणाले, "तसंच बोलतेय."