कोलशेतच्या डेचकीतले तांदूळ

आधी बाईंचं सांगते, मग काय झालं ते. नाहीतर झालेलं सांगता सांगता माझंच रडगाणं व्हायचं आणि बाई राहून जायच्या.

बाई आमच्या संग्रहालयात वस्तूंच्या नोंदी ठेवायच्या. आधी चित्रकला शिकवायच्या, रिटायर झाल्यावर इकडे आल्या. मला घेतलं कमिटीने, पण टिकवलं बाईंनी. आज मी जे चार शब्द न घाबरता लिहितेय, तेही त्यांच्याच रजिस्टरमुळे.

संग्रहालय म्हणजे फार मोठं काही नाही. कोपरीत एका वाचनालयाच्या वर दोन खोल्या, आणि मागे एक अंधारी खोली, तिला सगळे स्टोअर म्हणायचे. भिंतीवर इथल्याच चित्रकारांची चित्रं. बाकी सगळं लोकांनी घरातून काढून दिलेलं: बंद पडलेल्या कारखान्यातले बिल्ले, मिठागरातली फावडी, एका घरातून आलेली जलशाची पेटी. तिचे तीन सूर लागत नाहीत, पण त्या घरातले आजोबा दर महिन्याला तिला बघायला येतात.

मी परभणीकडची. आठवीत शाळा सुटली. डोंबिवलीला मावशीकडे राहायचे, पॅकिंगच्या कामाला जायचे. विहारात एका ताईंनी मोबाईलवर जाहिरात दाखवली, स्थानिक मुलामुलींसाठी तीन महिन्यांची इंटर्नशिप. ‘भर फॉर्म, काय जातंय तुझं?’ म्हणाल्या. भरला. शिक्षणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. खोटं लिहवेना, खरं लिहवेना. मग नुसती एक रेघ ओढली.

ती रेघ मला तीन महिने झोपू देईना. सकाळी बस शीळफाट्याला अडकली की बाकीचे मोबाईल बघायचे, मी मनातल्या मनात उत्तरं पाठ करायचे. कुणी मार्कशीट मागितलं तर गावाला आहे म्हणायचं. परत मागितलं तर? पुरात गेलं म्हणायचं. आमच्या गावाला नदीच नाही, हे कुणाला कळणार होतं! कुणीच विचारत नव्हतं, म्हणून जास्तच भीती. रजिस्टरमध्ये लिहायची वेळ आली की मी झाडू उचलायचे. बाई म्हणायच्या, “अगं, आपण इंटर्न ठेवलीय, झाडूवाली नाही.” मी हसून अजून एक कोपरा झाडायचे.

त्या वेळी खाडीकाठच्या घरांवर प्रदर्शन होतं. कोलशेतच्या एका आजींनी त्यासाठी दोन वस्तू दिलेल्या. एक त्यांचं लग्नातलं लुगडं, आणि एक पितळेची डेचकी. त्यांच्या सासूबाई त्या डेचकीतून मिठागरावर पेज न्यायच्या. दान नव्हतं ते, उसनं होतं. प्रदर्शन संपलं की परत द्यायचं, असं कागदावर सही करून.

प्रदर्शन संपलं. पॅकिंग माझ्याकडे, ते मला येतंच. लुगडं मलमलीत गुंडाळलं, डेचकी कागदात, दोन्ही एका खोक्यात. आणि खोकं बंद करताना हात अडला. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे मला कुणी शिकवलेलं नाही, आमच्याकडे ते असंच असतं. आई शेजारणीची वाटी परत पाठवायची तर त्यात काही नाही तर साखरेची चिमूट असायचीच. मी खाली गेले, वाण्याकडून पाव किलो तांदूळ आणले, एक मूठ डेचकीत घातले, वर कागद ठेवला.

स्टोअरच्या दारावर बाईंच्या मोठ्या अक्षरात पाटी होती: आत खाण्याचा पदार्थ नेऊ नये. मी स्वतः पाहुण्यांना चहाचा कप बाहेर ठेवायला लावायचे. पण मुठीतले तांदूळ म्हणजे खाण्याचा पदार्थ, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती रीत होती. रीतीला उंदीर लागतो का?

दुसऱ्या दिवशी न्यायचं ठरलेलं. पण आजी लेकीकडे पनवेलला गेल्या, आणि खोकं पंधरा दिवस स्टोअरमध्ये राहिलं.

आजी परतल्याचं कळलं, त्या सकाळी मी ते उघडायला घेतलं, तर खोक्याचा कोपरा कुरतडलेला होता. कागदाचा भुगा, तांदळाचे तुकडे, लेंड्या. आणि लुगड्याच्या काठाला सुपारीएवढं भोक.

आजूबाजूला कुणी नव्हतं. मी काय केलं ते सांगते. मी तांदूळ वेचले. एक एक. ओढणीच्या टोकात बांधले, डेचकी पुसली, आणि बाईंना हाक मारली, “बाई, उंदीर!”

सेक्रेटरी साहेब पण आले. त्यांनी भोक बघितलं, खिडकीची फाटकी जाळी बघितली, आणि शिपाईकाकांवर घसरले. “काका, जाळी लावा म्हणून किती वेळा सांगितलं? तुम्हाला झोपायचा पगार देतो का आम्ही?”

काका म्हणाले, “साहेब, जाळीचा अर्ज दिलाय मी. तुमच्याच टेबलावर आहे. उंदीर पण वाचून गेला असेल.”

“जास्त बोलू नका. शनिवारी मीटिंगमध्ये बघतो.”

त्याच शनिवारी माझं पण ठरणार होतं, पुढे ठेवायचं की नाही. मी झाडू उचलला. ओढणीची गाठ मुठीत. दिवसभर ती गाठ सोडवेना, टाकवेना. जिन्यात दोनदा गेले, दोनदा परत आले. दुपारी काकांनी नेहमीसारखा माझ्यासाठी अर्धा चहा आणला. माझ्याकडे न बघता म्हणाले, “जाऊ दे, आपल्याला सवय आहे.” तो चहा तसाच ठेवून मी बाईंकडे गेले.

बाई टेबलावर रजिस्टर उघडून बसलेल्या. मी गाठ सोडून तांदूळ त्यांच्यासमोर ठेवले आणि सगळं बोलून टाकलं.

बाईंनी चष्मा वर केला. “किती घातलेले?”

“एक मूठ.”

“हं. बस. लिही.”

“मी?”

“मग कोण? तारीख टाक. वस्तूची स्थिती. कारण.”

“बाई, मला नाही येत नीट. माझी शाळा...”

“आठवीत सुटली की नववीत?”

“आठवीत. तुम्हाला कसं माहीत?”

“अगं, फॉर्म मीच वाचते सगळे. सगळ्यांनी काहीतरी लिहिलेलं. एकाने तर एमबीए लिहून त्याचं स्पेलिंग चुकवलं. तू रेघ मारलीस. म्हटलं, ही निदान खोटं तरी लिहीत नाही. आज सकाळी मात्र मारलीसच थाप. लिही आता.”

मी लिहिलं. चार ओळींना अर्धा तास. ‘डेचकीत तांदूळ मी ठेवले होते. शिपाईकाकांचा दोष नाही.’ दोष या शब्दापाशी बाईंनी फक्त बोट ठेवलं, मी दुरुस्त केला.

“आता शनिवारच्या आधी कोलशेत,” त्या म्हणाल्या. “ज्यांची वस्तू, त्यांना आधी कळायला हवं. तू सांगायचंस. मी नुसती बरोबर येणार.”

रिक्षात मी तीनदा म्हटलं, आपण उद्या जाऊ या का? बाई बाहेर बघत होत्या.

आजी ओट्यावर बसलेल्या. मी लुगडं उलगडून भोक दाखवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी भोकात बोट घातलं, काढलं, परत घातलं. मला वाटलं, शिव्या दिल्या तर बरं. मग त्यांनी डेचकी मांडीवर घेतली, आत बघितलं, आणि बाईंना विचारलं,

“रिकामीच आनलीव?”

बाई एवढ्या शिकलेल्या, त्या कारणं द्यायला लागल्या. “नाही म्हणजे, आजी, उंदरामुळे आम्ही ती स्वच्छ करून...”

“उंदीर काय, उंदराची जात! ही पोर लांबून आलेली, तिला कललं. तुमी ठान्याच्या, तुमाला नाय कललं?”

बाई लाजल्या. खरंच, कानापर्यंत लाल झाल्या. पर्समधून आपला स्टीलचा डबा काढला, त्यातले दोन बेसनाचे लाडू डेचकीत ठेवले. तेव्हा कुठे आजींनी डेचकी आत नेली, रिकामा डबाही. येताना तोच डबा सुकट भरून घेऊन आल्या. बाईंना तो घ्यावाच लागला.

“आनि लुगरा?” मला म्हणाल्या. “तूच रफू करायचा. हितं, माझ्या पुढ्यात बसून.”

त्यासाठी मी चार रविवार कोलशेतला गेले. तिथली आजींची बोलणी वेगळीच, ती परत कधी.

त्या दिवशी परतताना रिक्षात बाईंनी डबा माझ्या मांडीवर ठेवला. “हा तू ने. आमच्या घरी सुकट शिजली तर मला बाहेर झोपावं लागेल.”

शनिवारी बाईंनी मीटिंगमध्ये माझ्या चार ओळी वाचून दाखवल्या. मी दाराबाहेर उभी होते. सेक्रेटरी म्हणाले, “नियम मोडलाय, आणि शिक्षण पण नाही.” बाई म्हणाल्या, “नियम तिने मोडला, म्हणून तर नियम आता तिला कायमचा पाठ आहे. राहिलं शिक्षण. बाहेरून दहावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म कशाला असतो?” काकांवरचा ठपका निघाला, जाळी पण लागली. मला एक वर्ष मिळालं, अट एकच: दहावी करायची.

फॉर्म भरताना शिक्षणाच्या रकान्यात आठवी लिहिलं. बाईंनी फॉर्मवर फुंकर मारली, शाई ओली असल्यासारखी. पेन बॉलपेन होतं.

परीक्षा मार्चमध्ये आहे. बीजगणित येत नाही, इंग्रजीचं तर विचारू नका. बसमध्ये आता उत्तरं पाठ करते ती खरी, तरी भीती तशीच. बाईंनी दोनदा विचारलं, “अगं, माझा डबा?” दोन्ही वेळा मी म्हटलं, “आणते, बाई.” तो मावशीच्या मांडणीवर घासून ठेवलाय.

बाई, डबा हरवलेला नाही. निकाल लागला की गावी जाणार आहे. आईच्या हातचे तिळाचे लाडू भरून, वर मार्कशीटची घडी ठेवून, कोपरीला तुमच्या टेबलावर आणून देईन. नापास झाले तर परत बसेन, डबा अजून एक वर्ष थांबेल. पण देईन तो भरलेलाच.